मासे गेले कुठे? नीराकाठच्या ओढ्यांची दोनशे वर्षं



गेल्या दहा-बारा वर्षांत ‘ओढ्याचं पुनरुज्जीवन’ हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडलाय, की त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. पोकलेन लागतो, ओढा रुंद होतो, खोल होतो, पावसाळ्यात तुडुंब भरतो, फोटो निघतात. दुष्काळी पट्ट्यात भरलेल्या ओढ्याचा फोटो बघून कुणालाही आनंदच होणार, आम्हालाही होतो. पण पुनरुज्जीवन म्हणजे पुन्हा जिवंत करणं. मग जिवंत कोण झालं, एवढा एकच प्रश्न आज आपल्याला विचारायचा आहे. त्यासाठी आपण ओढ्याकडे माशांच्या बाजूनं बघणार आहोत.

युरोपात छोटा ओढा सुधारायला घेतला की लोक दोन माशांची नावं घेतात, ट्राउट आणि ग्रेलिंग. दोघांनाही थंड, स्वच्छ, वाहतं पाणी लागतं. दोघंही तळातल्या बारीक गोट्यांत अंडी घालतात आणि त्या गोट्यांमधून प्राणवायू घेऊन पाणी खेळत राहिलं तरच अंडी जगतात. वरून गाळ बसला की अंडी गुदमरतात. त्यामुळे ट्राउट परत आला म्हणजे ओढा सुधारला, असं सोपं माप त्यांच्या हाती आहे. आपल्याकडे वालचंदनगरच्या उन्हात ट्राउट जगायचा नाही, आणि तो आणायचाही नाही. पण आपलं माप काय होतं, आपल्या ओढ्यांत कोण राहत होतं, याची नोंद मात्र आहे, आणि ती चांगली जुनी आहे.

पेशवाई संपल्यावर मुंबई सरकारनं दख्खनच्या मुलखाची पाहणी करायला एक अधिकारी नेमला, विल्यम हेन्री साईक्स. हा लष्करातला माणूस. १८२४ पासून पुढची काही वर्षं तो पुणे, नगर भागात हिंडला. पिकं, बाजारभाव, लोकसंख्या, पक्षी, जनावरं, सगळ्याची त्यानं नोंद ठेवली. माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेनं १८३९ मध्ये थोडक्यात आणि १८४१ मध्ये चित्रांसह छापला. त्यात मुळा-मुठा, इंद्रायणी, भीमा या नद्यांतल्या चाळीसच्या वर जाती आहेत.

आमच्या दृष्टीनं त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे नावं. साईक्सनं बऱ्याच माशांना मच्छीमारांकडून ऐकलेलीच नावं दिली. खुद्री, कोलूस, नुक्टा, शिंगटी, बोगट, पोटील, सांडखोल. आज जगात कुठल्याही देशात दख्खनी महाशीरवर निबंध लिहिला गेला, तर त्यात ‘टोर खुद्री’ असंच लिहावं लागतं. म्हणजे भीमेच्या खोऱ्यातल्या भोई-कोळ्यांच्या तोंडचे शब्द जागतिक शास्त्रात कायमचे जाऊन बसले. ज्या लोकांनी ही नावं सांगितली, त्यांची स्वतःची नावं मात्र त्या कागदात नाहीत. आणि त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना विचाराल, तर यातल्या निम्म्या माशांची ओळखही आज पटायची नाही. नुक्टा हा तोंडावर शिंगासारखा उंचवटा असलेला मासा. तो आता पुण्याच्या आसपास दुर्मिळ झाला आहे. नाव राहिलं, मासा गेला.

आता आपल्या भागाकडे येऊ. नीरा भोरच्या डोंगरात उगम पावते, आणि पुणे जिल्ह्याची दक्षिण सीमा धरत नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळते. वरच्या अंगाला धो-धो पाऊस, आणि खाली बारामती-इंदापुरात वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे इथले ओढे मूळचे हंगामी. पावसाळ्यात धावायचे, दिवाळीनंतर आटत जायचे. मग हंगामी ओढ्यात मासे कसे राहणार, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर एका शब्दात आहे: डोह.

ओढा म्हणजे एकसारखी चारी नसते. एक उथळ जागा असते, तिथं पाणी गोट्यांवरून खळखळत जातं. पुढे वळणावर किंवा खडकाखाली डोह असतो, तिथं पाणी संथ आणि खोल. मग पुन्हा उथळ, पुन्हा डोह. उन्हाळ्यात उथळ भाग कोरडे पडले तरी काही डोहांत पाणी टिकायचं. मासे तिथं दम धरून राहायचे. मृगाचा पाऊस पडला, ओढ्याला गढूळ लोंढा आला, की नदीतले मासे त्या पाण्याच्या उलट दिशेनं ओढ्यात चढायचे. यालाच आपल्याकडे ‘चढणीचे मासे’ म्हणतात. ते ओढ्यात जाऊन अंडी घालायचे, पिल्लं तिथं वाढायची आणि पाणी ओसरताना नदीकडे परतायची. थोडक्यात, नदी हे माशांचं घर आणि ओढा हे बाळंतपणाचं माहेर.

डोह राखायची समज आपल्याकडे होती. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे आहे. दोन्ही ठिकाणी देवस्थान, खाली डोह, आणि त्या डोहातले मासे कुणी मारायचे नाहीत. आजही तिथं महाशीर दिसतात. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी व्यवहार म्हणून ही योजना पक्की आहे. सगळ्या नदीत मासेमारी चालू राहू दे, पण उन्हाळ्यातला शेवटचा आसरा हात न लावता ठेवायचा. पुढच्या वर्षीचं बियाणं तिथं असतं.

मग हे बदललं कधी? आपल्या भागापुरतं बोलायचं तर बदलाची सुरुवात १८७६-७७ च्या दुष्काळापासून धरावी लागते. माणसं मेली, जनावरं मेली, गावं उठली. त्यानंतर नीरेच्या डाव्या कालव्याचं काम झालं आणि १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागलं. वर भाटघरचं धरण झालं. कालव्यानं पुरंदर, बारामती, इंदापूरचं नशीब पालटलं, यात शंका नाही. आज आपण ज्या गावात बसलो आहोत ते गाव त्या कालव्यामुळेच आहे. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर शेती उभी केली, १९३० च्या दशकात साखर कारखाना आला, पुढे यंत्रांचा कारखाना आला. ही गोष्ट आपण सगळे अभिमानानं सांगतो, आणि सांगावीच.

पण कालव्याची दुसरी बाजू ओढ्यांनी सोसली. काळ्या जमिनीत उसाला भरमसाट पाणी, त्यात कालव्याचा पाझर. बारामती परिसरात जमिनी पाणथळ व्हायला लागल्या, वर मीठ फुटायला लागलं. विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्लॉक पद्धत आणली, ती पाण्याला शिस्त लावण्यासाठीच. १९१६ मध्ये सरकारनं सिंचनाच्या अभ्यासासाठी एक खास विभाग काढला. क्लॉड इंग्लिस नावाच्या अभियंत्यानं तो वाढवला. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था ही त्याच विभागाची पुढची पिढी. म्हणजे देशातली जलसंशोधनाची एवढी मोठी संस्था ज्या प्रश्नांतून उभी राहिली, त्यांत आपल्या दख्खनच्या कालव्यांवरची खराब होणारी शेतं होती.

या जमिनी वाचवायला चर काढावे लागले. चरांचं पाणी जाणार कुठं? ओढ्यात. इथं ओढ्याचं काम बदललं. आधी तो पावसाचं पाणी नदीला नेत होता, आता शेताचा निचरा नेऊ लागला. पाझरामुळे काही ओढे उन्हाळ्यातही वाहायला लागले. वरवर बघता ही माशांसाठी चांगली बातमी. पण ते पाणी खारट, आणि पुढे रासायनिक खतं आल्यावर नत्राचा भार घेऊन येणारं. अशा पाण्यात जलपर्णी आणि पाणकणीस माजतात, खळखळाट थांबतो, रात्री पाण्यातला प्राणवायू उतरतो. अशा पाण्यात शिंगटी तग धरते, मरळही तग धरते, कारण मरळ वर येऊन हवाच पिते. खळाळत्या पाण्यात, गोट्यांवरचं शेवाळ खाऊन जगणारे मासे मात्र जातात. ओढा वाहता राहिला, पण त्यातली वस्ती बदलली.

कायद्याचं या सगळ्याकडे लक्ष होतं का? होतं, पण अर्धंच. फ्रान्सिस डे या शास्त्रज्ञानं १८७० च्या दशकात देशभरच्या गोड्या पाण्यातल्या माशांची पाहणी करून सरकारला सांगितलं, की बारीक जाळी, विष आणि अडथळे यांमुळे मासे संपतायत. पुढे १८९७ चा भारतीय मत्स्य कायदा आला. त्यानं पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष घालून मासे मारायला बंदी केली. १९६० मध्ये महाराष्ट्राचा स्वतःचा मत्स्य कायदा झाला. हे दोन्ही कायदे मासा मारणाऱ्या माणसाकडे बघतात. घर मोडलं तर काय, हा प्रश्न त्यांच्या केंद्रस्थानी नाही. गावकऱ्यानं डोहात विष टाकलं तर गुन्हा. तोच डोह सरकारी कामात बुजला किंवा वाळूसाठी उपसला गेला, तर माशांच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही.

स्वातंत्र्यानंतरचा काळ आपल्या आठवणीतला आहे, म्हणून भराभर सांगतो. नीरेवर कोल्हापुरी बंधारे झाले, एकाच्या फुगवट्यापुढे दुसरा. १९८० मध्ये उजनी पूर्ण झालं आणि इंदापूर तालुक्याला जलाशयाचा काठ मिळाला. मत्स्यव्यवसायानं उत्पादनाच्या हिशेबानं मासे आणले. हिरालाल चौधरींनी १९५७ मध्ये टोचणी देऊन माशांचं प्रजनन यशस्वी केल्यावर रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सगळीकडे जाऊ लागलं. हे मूळचे उत्तरेतल्या नद्यांचे मासे. मूळचा आफ्रिकेतला तिलापिया १९५२ मध्ये देशात आला. आपल्या बाजारात त्याचं नाव ‘चिलापी’. आज भिगवण-इंदापूरला ताटात येतो तो बहुतेक वेळा हाच. भोई समाजाच्या कुटुंबांची चूल त्यावर पेटते, त्यामुळे त्याला नुसतं नाव ठेवून चालणार नाही. पण साईक्सच्या यादीतले मासे किती आणि बाजारातल्या टोपलीत किती, हे ताडून बघा. शंभर-दीडशे वर्षांत काय घडलं ते त्या टोपलीत दिसतं.

त्यानंतर आलं ओढे खोल करण्याचं पर्व. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा प्रयोग गाजला, डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार जाहीर झालं, आणि गावोगाव नाला खोलीकरण-रुंदीकरण आणि सिमेंट नालाबांध झाले. इथं नीट ऐका, कारण आम्ही या कामांच्या विरोधात आहोत असा समज होऊ नये. ज्या बाईनं उन्हाळ्यात दोन किलोमीटरवरून हंडा आणलाय, तिच्यापुढे मासा आधी की विहीर आधी असा वाद घालणं हे बरं नाही. विहिरीला पाणी आलंच पाहिजे. आमचं म्हणणं एवढंच, की पाणी आणि मासा यांत एकच निवडा अशी सक्ती ओढ्यानं आपल्यावर कधी केली नव्हती. ती आपण कामाच्या पद्धतीतून ओढवून घेतली.

कशी, ते बघा. यंत्र ओढ्यात उतरतं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळ सपाट करत जातं. उथळ आणि डोह हा फरकच पुसला जातो. गोटे, वाळू काठावर टाकली जाते. काठची करंज, उंबर, वाळुंज जाते, सावली जाते, पाणी तापतं. उभा कापलेला काठ पुढच्या पावसात ढासळतो आणि गाळ परत तळाशी. आणि सिमेंटचा बांध बाराही महिने उभा. इथं जुन्या कोल्हापुरी बंधाऱ्याची एक खुबी लक्षात घ्या. त्याचे बर्गे पावसाळ्याआधी काढायचे असतात आणि पावसाळा संपता संपता घालायचे असतात. म्हणजे मृगाच्या लोंढ्याला वाट मोकळी, आणि चढणीच्या माशांनाही. बांधणाऱ्यांनी हे माशांसाठी केलं नव्हतं, पुरासाठी केलं होतं. पण बर्गे वेळेवर निघाले तर मासा वर जातो. नालाबांधाला बर्गेच नाहीत. खाली तीन-चार फुटांची उभी उडी असेल तर मासा तिथंच धडका देत राहतो आणि लोक टोपलीनं उचलून नेतात.

कुणी म्हणेल, मग वर मासे नेऊन सोडा. याही गोष्टीचा इतिहास आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. लोणावळ्याला टाटांच्या वळवण धरणाजवळ १९७० च्या सुमारास महाशीरच्या कृत्रिम प्रजननाचं काम सुरू झालं. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी टोर खुद्रीची अंडी, पिल्लं यांचा बारकाईनं अभ्यास केला. हे देशात अग्रेसर काम होतं, आणि त्यामुळे ही जात वाचायला मदतच झाली. लोणावळ्याची पिल्लं अनेक राज्यांत गेली. त्यांतली काही कावेरीत पोचली. कावेरीचा स्वतःचा महाशीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी परांचा. आपला खुद्री तिथं फोफावला आणि तिथला मूळचा मासा मागे हटत गेला. २०१८ मध्ये त्या कावेरीच्या माशाची नोंद जगाच्या धोक्याच्या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. त्यामागे धरणं, वाळूउपसा, सुरुंग हीही कारणं आहेत. पण धडा स्पष्ट आहे. मासा सोडणं सोपं असतं, घर बांधणं अवघड. आणि चुकीच्या घरात सोडलेला चांगला मासाही तिथल्या मालकाला बाहेर काढतो.

आता पुन्हा ट्राउट-ग्रेलिंगच्या मुलखात जाऊ, कारण त्यांनीही हेच सगळं करून बघितलंय. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये धान्य पिकवायचं म्हणून शेतातलं पाणी झटपट काढायला ओढे सरळ, रुंद आणि खोल केले गेले. त्यांची अडचण जास्त पाण्याची, आपली कमी पाण्याची. यंत्राचं काम मात्र तेच. तिथं मासे गेले, आणि खालच्या गावांत पूर वेगानं यायला लागले. १९९० च्या दशकात डार्लिंग्टनजवळ स्कर्न नदीला तिची वळणं परत दिली गेली, तेव्हापासून अशी कामं वाढत गेली. आता तिथं अवाजवी रुंद केलेला ओढा पुन्हा अरुंद करतात, म्हणजे पाण्याला वेग येतो आणि तळ आपोआप धुतला जातो. उपसलेले गोटे परत आणून टाकतात. झाडाचा बुंधा मुद्दाम पात्रात आडवा अडकवतात, त्याच्यामागे डोह तयार होतो. काठाला कुंपण घालून गुरं एकाच पाणवठ्यावर आणतात. म्हणजे एका पिढीनं पैसे खर्चून जे काढलं, ते दुसरी पिढी पैसे खर्चून परत ठेवते. आपण तो दुहेरी खर्च टाळू शकतो, कारण आपले बरेच ओढे अजून पूर्ण मोडलेले नाहीत.

मग इथं, नीरेच्या या काठाला, काय करता येईल? आम्ही चारच गोष्टी सांगतो.

पहिली, खोलीकरण सलग करू नका. गाळ साठला असेल तिथला गाळ काढा, पण खडकाळ, गोट्यांची उथळ जागा तशीच सोडा. खोल भाग विहिरी भरायला उपयोगी, उथळ भाग पाण्यात हवा मिसळायला. एकाच ओढ्यात दोन्ही बसतात.

दुसरी, बांधाच्या खाली उभी उडी ठेवू नका. मोठे दगड टाकून उतार करा. मासा दगडा-दगडाच्या आडोशानं चढतो. पाणी अडतं तेवढंच अडतं, वर बांधाचा पायाही धुपत नाही. आणि जिथं बर्गे आहेत तिथं ते पावसाआधी निघतील हे गावानं बघावं.

तिसरी, शेत आणि ओढा यांच्यामध्ये झाडांचा पट्टा ठेवा. हे शेतकऱ्याला जड जातं, आम्हाला ठाऊक आहे. गुंठ्याला मोल आहे. पण काठ ढासळून जाणारी जमीनही गुंठ्यानंच मोजली जाते. करंज, उंबर, वाळुंज यांची मुळं काठ धरतात, आणि निचऱ्याच्या पाण्यातलं खत थोडंफार तिथंच अडतं. सांडपाण्याचं मात्र झाडांवर ढकलून चालणार नाही. ते ज्याचं त्यानं शुद्ध करूनच सोडलं पाहिजे.

चौथी, प्रत्येक गावानं एक डोह ठरवावा आणि तो राखावा. देवाच्या नावानं राखा, ग्रामसभेच्या ठरावानं राखा, शाळेच्या नावानं राखा, पण राखा.

आणि या चौघींच्या आधीचं एक काम आहे. वयस्कर भोई, कोळी मंडळींकडे बसून माशांची नावं उतरवून घ्या. कुठल्या महिन्यात काय चढायचं, कुठल्या डोहात काय राहायचं, शेवटचं कधी पाहिलं. साईक्सनं दोनशे वर्षांपूर्वी विचारलं म्हणून आपल्याला आज एवढं तरी बोलता आलं. ओढा सुधारला की नाही हे ठरवायचं माप त्या यादीत आहे. मापच हरवलं, तर तुडुंब भरलेला कुठलाही खड्डा आपल्याला जिवंत ओढा वाटायला लागेल.

इंग्रजांनी ट्राउटची वाट बघितली. आपण कोणाची वाट बघायची, हे आपल्याच भाषेत लिहून ठेवलेलं आहे. कोलूस, बोगट, शिंगटी, खुद्री. पहिल्या पावसात यातला एखादा जरी ओढ्यात चढताना दिसला, तरी पुनरुज्जीवन हा शब्द आपण हक्कानं वापरू शकू.